काविळीचा रिपोर्ट: 'एजी' आहे की 'अँटी', ते आधी बघा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. धुऱ्यावरून थेट आल्यासारखा, पायाला चिखल लागलेला एक बाप आमच्या लॅबच्या खिडकीशी उभा राहिला. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून त्यानं चार घड्यांचा कागद काढला. मुलगी नर्सिंगला, लग्न ठरलेलं. कॉलेजनं रक्त तपासायला लावलं होतं आणि कागदावर ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह' छापून आलं होतं.

"ताई, पोरीले पांढरी कावीळ निघाली म्हन्तेत. सोयरीक मोडन का आता?"

मी कागद उलगडला. तपासणीचं नाव होतं अँटी-एचबीएस. म्हणजे मुलीनं हिपॅटायटिस बी (यकृताला लागणारा विषाणू, यालाच पांढरी कावीळ म्हणतात) लसीचे डोस घेतले होते, लस लागू पडली होती आणि तिच्या रक्तात संरक्षण तयार झालं होतं. ज्या कागदावरून लग्न मोडायला निघालं होतं, तो खरं तर वरपक्षाला अभिमानानं दाखवायचा कागद होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षं रक्त तपासते आहे. काविळीच्या रिपोर्टवरून झालेले असे घोळ मोजायचं मी सोडून दिलंय. घोळ दोन्ही बाजूंनी होतो: निरोगी माणूस घाबरतो, आणि ज्यानं धावपळ करायला हवी तो "निगेटिव्ह आहे ना" म्हणून घरी बसतो. म्हणून हे पायरीपायरीनं लिहिते आहे. औषध डॉक्टरच देतील, पण कागद काय म्हणतो ते तुम्हाला कळलं पाहिजे.

पहिली पायरी: डोळे पिवळे का, ते ठरवा

कावीळ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलं की डोळे पिवळे होतात, आणि ते वाढायची कारणं अनेक. आपल्या विदर्भात तर एक कारण हमखास लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेलची कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळट राहतात. यकृताला विषाणू लागलेलाच असतो असं नाही. अशा वेळी बिलिरुबिनचा 'इनडायरेक्ट' भाग वाढलेला दिसतो. विषाणूच्या ताज्या काविळीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) शेकड्यांत, कधी हजारांतही जातं, तसं यात सहसा होत नाही. मात्र सिकलसेलच्या ज्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्यांची हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींची तपासणी अधूनमधून करून घ्या.

दुसरं म्हणजे चुन्याचं पाणी. हातावर कसलासा पाला चोळतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि "बघा, कावीळ उतरली" म्हणतात. पाणी पिवळं होतं ते पाल्याचा रस आणि चुना एकमेकांना भेटले म्हणून. ज्याला कावीळ नाही त्याचे हात धुवा, तेव्हाही होईल. गळ्यातली काविळीची माळ लांबत जाते, तीही काड्या सुकून गाठी सैल होतात म्हणून. हिपॅटायटिस ए प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. त्याच माळेच्या भरवशावर बी किंवा सी चा रुग्ण वर्षं घालवतो, तेव्हा माझा जीव तुटतो.

दुसरी पायरी: कागदावर 'एजी' लिहिलंय की 'अँटी'

सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

काविळीच्या तपासण्या दोन जातीच्या असतात. एक जात विषाणूचा स्वतःचा माल शोधते, म्हणजे त्याची प्रथिनं. दुसरी जात तुमच्या शरीरानं त्या मालाविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. पहिलीच्या नावाच्या शेवटी 'एजी' असतं, म्हणजे अँटीजेन: एचबीएसएजी, एचबीईएजी. दुसरीच्या नावाआधी 'अँटी' असतं: अँटी-एचबीएस, अँटी-एचबीसी, अँटी-एचसीव्ही. पुष्कळ जण फसतात ते 'अँटीजेन' या शब्दाला. त्यातही 'अँटी' आहे, पण तो विषाणूचा माल आहे. जुने डॉक्टर अजून 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' लिहून देतात, ती हीच एचबीएसएजी तपासणी.

हे नाव कुठून आलं तेही सांगते, कारण सगळी तपासणी त्या एका प्रयोगावर उभी आहे. अमेरिकेतले संशोधक बारूक ब्लमबर्ग वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांचं रक्त जगभरातल्या नमुन्यांशी जुळवून बघत होते. अशा रुग्णांच्या रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडं साठलेली असतात. जेलीसारख्या थरात जवळजवळ खड्डे करायचे, एका खड्ड्यात या रुग्णाचं रक्तद्रव, दुसऱ्यात परक्या माणसाचं. दोन्ही पाझरत मध्ये भेटले आणि एकमेकांना धरून बसले, की तिथे पांढरी रेघ उमटते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी अशी रेघ उमटली. 1965 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे कळलं की रेघेतलं ते प्रथिन हिपॅटायटिस बी च्या विषाणूचं कवच आहे. 1976 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

आता हे 'धरून बसणं' म्हणजे काय? प्रतिपिंड म्हणजे दुबेळक्यासारखं एक प्रथिन. त्याच्या दोन टोकांवर बोटभर जागेच्या खाचा असतात असं समजा, अर्थात 'बोटभर' म्हणजे त्याच्या मापानं. विषाणूच्या प्रथिनाचा ठरावीक उंचवटा त्या खाचेत बसला की दोन्ही चिकटतात. हे चिकटणं गोंदासारखं कायमचं नसतं. आकार जुळतो, विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, अशा बारीक बारीक ओढींची बेरीज होऊन पकड बसते. म्हणूनच ती अचूकही असते: बी च्या प्रथिनासाठी बनलेलं प्रतिपिंड सी ला ओळखत नाही.

बी च्या कवचावर अशी एक जागा आहे, तिला शास्त्रज्ञ 'ए' ठिकाण म्हणतात. कवचाचं छोटं प्रथिन 226 अमिनो आम्लांच्या साखळीचं. त्यातल्या साधारण 124 ते 147 क्रमांकाच्या कड्या वळसे घेऊन बाहेर डोकावतात. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं मुख्यतः या वळशांनाच धरतात. तिथली 145 वी एक कडी बदलली तरी पकड ढिली होते. असे बदललेले विषाणू क्वचित सापडतात.

हा विषाणू एक डावही खेळतो. यकृतातून तो स्वतःच्या पूर्ण कणांपेक्षा कितीतरी हजारपट जास्त रिकामी कवचं रक्तात सोडतो. मळणीनंतर सोयाबीनच्या ढिगात दाणा मूठभर आणि कुटार डोंगराएवढं असावं, तसं. पूर्ण कण 42 नॅनोमीटरचा, रिकामी गोल कवचं 22 नॅनोमीटरची. शरीराची प्रतिपिंडं या कुटारालाच धरत बसतात आणि खरा दाणा निसटतो. आपली तपासणी मात्र या कुटारामुळेच सोपी होते, कारण शोधायला माल भरपूर असतो. प्रतिपिंड आणि कवच यांच्या गुंत्याचे पुंजके सांध्यांत, कातडीत अडकतात, म्हणून काही रुग्णांना डोळे पिवळे व्हायच्या आधी सांधे धरतात, अंगावर पुरळ येतं. आपल्याकडे ते चिकनगुनियात खपून जातं.

तिसरी पायरी: कार्डावरची रेघ कशी उमटते

ग्रामीण रुग्णालयात पहिली तपासणी बहुधा कार्डावर होते. पाकीट फोडलं की पांढरं प्लास्टिकचं कार्ड, आत पट्टी, एका टोकाला थेंब टाकायची वाटी, मध्ये खिडकी, खिडकीला 'सी' (कंट्रोल, हिपॅटायटिस सी नव्हे) आणि 'टी' (टेस्ट) अशा खुणा.

एचबीएसएजीच्या कार्डात वाटीजवळच्या गादीवर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडं वाळवून ठेवलेली असतात. हो, खरंच सोनं, आणि इतक्या बारीक कणांचा रंग गुलाबी-जांभळा दिसतो. तुमच्या रक्तद्रवाचे थेंब पडले की ती भिजून वाहू लागतात. रक्तात विषाणूचं कवच असेल तर वाटेतच त्याला पकडतात. 'टी' च्या जागी दुसरी प्रतिपिंडं पट्टीला रोवलेली असतात. ती त्याच कवचाला दुसऱ्या बाजूनं धरतात. सोनं तिथे अडकतं, साचतं, रेघ दिसते. पुढची 'सी' रेघ कवच असो-नसो, सोन्याची प्रतिपिंडं अडवते. ती उमटलीच नाही तर कार्ड बिघडलंय, निकाल धरायचा नाही.

आता अँटी-एचसीव्हीचं कार्ड घ्या. दिसायला जुळं भावंड. पण यात 'टी' च्या जागी हिपॅटायटिस सी ची, प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिनं रोवलेली असतात आणि ती तुमच्या प्रतिपिंडांना पकडतात. म्हणजे रंगाची तीच गुलाबी रेघ एका कार्डावर सांगते "विषाणूचा माल इथे आहे", आणि दुसऱ्यावर सांगते "या शरीराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती". तोंडी "रेघ आली" एवढाच निरोप मिळाला, तर कोणत्या कार्डावर, हे विचाराच.

दोन काळज्या. किट साधारण 2 ते 30 अंशांत ठेवायचं असतं, आणि आपला मे महिना 45 अंशांचा. पत्र्याच्या खोलीत कपाटावर पडलेल्या किटमधली प्रतिपिंडं खराब होतात, कारण तीही प्रथिनंच. दुसरी काळजी वेळेची. किटच्या कागदावर जी मिनिटं लिहिलीत, बहुधा 15 ते 20, तेवढ्यातच वाचायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी लाईट गेली, गर्दी झाली, आणि मी एक कार्ड तासाभरानं उचललं. पट्टी वाळताना फिकट सावलीसारखी रेघ धरते हे माहीत असून मी ती पॉझिटिव्ह लिहिली. ती बाई तीन दिवस नीट जेवली नाही. एलायझा, म्हणजे मोठ्या लॅबमधली यंत्रावरची तपासणी, निगेटिव्ह आली तेव्हा मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं वेळ लिहिते. फिकट रेघ असेल तर तुम्हीही दुसऱ्या पद्धतीनं, एलायझानं, पुन्हा तपासणी मागा.

चौथी पायरी: हिपॅटायटिस बी चे आकडे एकत्र वाचा

बी चं एकटं उत्तर कधी पुरेसं नसतं. तीन उत्तरं शेजारी ठेवा: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, अँटी-एचबीसी.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सध्या अंगात आहे. संसर्गानंतर साधारण महिन्याभरात ते दिसू लागतं. सहा महिने उलटूनही ते टिकलं तर आजार जुनाट झाला म्हणायचं. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातले पाचपेक्षाही कमी जण जुनाट होतात, पण जन्माच्या वेळी आईकडून लागलेल्या बाळांत हेच प्रमाण शंभरात नव्वदपर्यंत जातं. हा फरक डोक्यात ठेवा, शेवटी तो कामी येणार आहे.

अँटी-एचबीएस एकटंच पॉझिटिव्ह, बाकी दोन्ही निगेटिव्ह: लसीचं संरक्षण. आकडा 10 किंवा त्याहून जास्त असला की पुरेसं मानतात. त्या नर्सिंगच्या मुलीचं हेच होतं.

अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह: कधीतरी खरा आजार होऊन गेला आणि शरीरानं तो आवरला. हे ओळखता येतं कसं? लसीत विषाणूचं फक्त कवचाचं प्रथिन असतं, यीस्टमध्ये बनवलेलं. आतल्या गाभ्याचं प्रथिन लसीत नसतंच. त्यामुळे गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंड, म्हणजे अँटी-एचबीसी, लसीनं कधीच तयार होत नाही. ते दिसलं की खऱ्या विषाणूची गाठ पडलीच होती. अशा माणसानं कॅन्सरची औषधं किंवा स्टेरॉइड सुरू होण्याआधी डॉक्टरांना हे सांगायचं, कारण विषाणूचा अंश यकृतात दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती खाली गेली की उठतो. गावात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं, हे विसरू नका.

आणि एक फसवी फट. आजार ओसरताना कवच रक्तातून नाहीसं होतं, पण त्याविरुद्धचं प्रतिपिंड अजून मोजण्याइतकं मोकळं नसतं. या काही आठवड्यांत एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएसही निगेटिव्ह. फक्त अँटी-एचबीसीचा आयजीएम प्रकार पॉझिटिव्ह असतो. डोळे पिवळे, एसजीपीटी वाढलेलं आणि कार्ड कोरं असेल तर ही तपासणी सांगायला हवी.

आयजीएम म्हणजे शरीराची पहिली तुकडी. पाच दुबेळकी एकत्र बांधलेली, दहा हात. एकेका हाताची पकड कच्ची, पण उधळलेला गोऱ्हा दहा हातांनी धरला की थांबतो. नंतर येतं आयजीजी: दोनच हात, पण सरावलेले, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून आयजीएम दिसलं तर सहसा आजार ताजा, आणि नुसतं आयजीजी असेल तर जुनी ओळख.

लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत रक्त तपासू नका. लसीतलंच कवच रक्तात सापडून एचबीएसएजी थोडे दिवस खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

ए आणि ई: थोडक्यात

हे दोन पाण्यातून येतात, पावसाळ्यात विहिरीत किंवा फुटलेल्या नळात घाण मिसळली की. यांच्यासाठी आयजीएम तपासतात आणि ते पॉझिटिव्ह आलं की उत्तर मिळालं. दोन्ही बहुधा आपोआप बरे होतात. अपवाद गरोदर बाईचा: शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर चारपाचांतली एक दगावू शकते. तिला माळेकडे, झाडपाल्याकडे नेऊ नका. थेट रुग्णालय.

पाचवी पायरी: सी मध्ये प्रतिपिंड असूनही संरक्षण नाही

बी चं प्रतिपिंड रक्षण करतं, म्हणून लोक सी लाही तोच नियम लावतात. तिथे चूक होते. सी चा विषाणू आपल्या बाहेरच्या प्रथिनाचा एक तुकडा सतत बदलत राहतो. शरीर जुन्या तुकड्यासाठी प्रतिपिंड तयार करेपर्यंत त्याचं रूप पालटलेलं असतं. त्यामुळे अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे तुम्ही सुरक्षितही नाही आणि आजारी आहात असंही नाही. विषाणू आता आहे का, हे फक्त एचसीव्ही आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय माल शोधणारी तपासणी, सांगतं. ते पॉझिटिव्ह आलं तर उपचार घ्यायचा, निगेटिव्ह आलं तर विषाणू आत्ता रक्तात नाही.

उपचार आता गोळ्यांचा आहे, बहुतेकांना 12 आठवड्यांचा, आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या आणि तपासण्या मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात उपचार केंद्र विचारा. बरं झाल्यावरही अँटी-एचसीव्ही वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येत राहतं. म्हणून बरं झाल्याचा आरएनए रिपोर्ट जपून ठेवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक ऑपरेशनआधी तीच भीती पुन्हा.

विषाणूशी गाठ आठ-दहा दिवसांपूर्वीच पडली असेल, तर अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह येण्याला अर्थ नाही. प्रतिपिंड दिसायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात.

सहावी पायरी: एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, आता पुढे

एसजीपीटी, एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का ते सांगणारं प्रथिन), एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते) आणि सोनोग्राफी यांवरून डॉक्टर ठरवतात की गोळी आता सुरू करायची की नुसतं लक्ष ठेवायचं. प्रत्येकाला गोळी लागत नाही. पण सहा-सहा महिन्यांनी तपासायला यावंच लागतं, आणि दारू पूर्ण बंद.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून ज्यांना नाही त्यांना लस द्या. सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011 मध्ये पोहोचली, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्यांनी बहुधा घेतलेली नाही. वस्तरा, ब्लेड, नेलकटर वेगळं. जत्रेत गोंदवून घेताना किंवा कुणाकडून 'सुई' टोचून घेताना सुई नवी आहे का, ते डोळ्यांनी बघा. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर तग धरतो. ताट-वाटी वेगळी करायची मात्र काहीच गरज नाही. एका ताटात जेवल्यानं, कडेवर घेतल्यानं, शेजारी झोपल्यानं बी होत नाही. सुनेचा पेला वेगळ्या फळीवर ठेवलेला मी पाहिलाय, आणि त्या घरात बसून हे समजावलंय.

गरोदर बाईचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण रुग्णालयातच. विषाणूचं प्रमाण फार असेल तर डॉक्टर तिला शेवटच्या महिन्यांत गोळी देतात. बाळ जन्मल्यावर 24 तासांच्या आत, शक्यतो 12 तासांतच, त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंड बनवायला शिकवते आणि ते शिकेपर्यंत तयार प्रतिपिंडं राखण करतात. हे तयार इंजेक्शन तालुक्याला ऐनवेळी मिळेलच असं नाही, म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. मग 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस. अंगावर पाजायला हरकत नाही.

बाळाचं रक्त लगेच तपासायची घाई करू नका. आईची आयजीजी प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरलेली असतात. आईचं अँटी-एचबीसी बाळात दोन वर्षांपर्यंत, अँटी-एचसीव्ही दीड वर्षापर्यंत सापडू शकतं, आणि ते बाळाच्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. बाळ 9 ते 12 महिन्यांचं झालं की दोनच तपासण्या करायच्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर लसीचे डोस पुन्हा द्यावे लागतात.

गेल्या संक्रांतीनंतर अशीच एक आई मुलीला कडेवर घेऊन रिपोर्ट न्यायला आली. सातवी शिकलेली. मी कागद हातात दिला तेव्हा तिनं मला विचारलं नाही. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हे एजीवालं. निगेटिव्ह." बोट खाली सरकलं. "आन् हे अँटीवालं पॉझिटिव्ह. म्हन्जे लस लागली नं जी?"

लागली होती. आकडा 400 च्या वर होता.